वाचलेले सांगता आले पाहिजे

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने गतकाळाचे गुणगान करावे अशी रीत आहे, आणि ती आमच्या पूर्वीच्या वक्त्यांनी यथास्थित पाळली आहे. देऊळ कोणी बांधले, घंटा कोठून आली, पडत्या दिवसांत कोण कोणाच्या उपयोगी पडले, हे सर्व आपण सकाळपासून ऐकत आहोत. त्यात आम्ही भर घालू इच्छीत नाही. परंतु ज्या धर्मग्रामात देवळाच्या भिंतीला लागूनच शाळेची भिंत उभी आहे, तेथे शाळेविषयी चार शब्द निघाल्यावाचून उत्सव पुरा झाला असे आम्हांस वाटत नाही. तेव्हा शाळेतीलच एक लहानशी गोष्ट आम्ही आज हाती घेतो. ती ही की, मुलाने जे वाचले ते त्याला सांगता येते काय?

वऱ्हाडातल्या घरी एखादा कागद आला म्हणजे बाप मुलाला काय म्हणतो, ते आपण सर्व जाणता. बँकेची नोटीस असो, पीकविम्याचे पत्रक असो की सोसायटीचा कर्जाचा कागद असो, बाप नुसते "वाच" असे म्हणत नाही. तो विचारतो, "काय म्हन्ते रे बाबू हा कागद?" मुलगा सातवीत असतो. तो कागद हाती घेतो आणि खड्या आवाजात पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवतो. 'सदरहू', 'उपरोक्त', 'तारण', 'मुदतीत भरणा न केल्यास', एकही अक्षर चुकत नाही. बाप मुकाट्याने ऐकून घेतो आणि पुन्हा तोच प्रश्न करतो. मुलगाही पुन्हा तोच कागद वाचतो. ह्या खेपेस जरा मोठ्याने!

ह्यात हसण्यासारखे आहे, तितकेच काळजी करण्यासारखेही आहे. बापाने मागितले होते सार. मुलाने दिला आवाज. बिचाऱ्या मुलाचा त्यात दोष नाही. सात वर्षे त्याला शाबासकी मिळाली ती आवाजाबद्दल. आणि बाप मग काय करतो? ज्याने कागद आणला त्याच्याच तोंडून अर्थ ऐकतो आणि सही करतो. ज्या मुलुखात कापसाचा भाव आणि पावसाचा नेम ह्यांवर घरादाराचे भवितव्य टांगलेले असते, त्या मुलुखात कागदावर काय लिहिले आहे हे घरातल्या एका तरी माणसाला खरोखर कळणे ही चैनीची वस्तू नव्हे.

आपल्या लिपीचा गुणच येथे आपल्याला फसवतो, असे आमचे मत आहे. देवनागरी अक्षर जसे लिहावे तसे वाचावे. एकदा बाराखडी आणि जोडाक्षरे पक्की झाली की मुलगा मराठी वाचतो, हिंदी वाचतो, आणि एका शब्दाचाही अर्थ ठाऊक नसता संस्कृत स्तोत्रही धडाधड वाचून दाखवतो. इंग्रजीत शब्द ओळखीचा नसेल तर उच्चारही धड साधत नाही. तेथे न कळणे जिभेवर उघडे पडते. मराठीत ते झाकून राहते. तपासणीस साहेब वर्गात येतात, मुले उभी राहून धडा वाचतात, साहेब समाधानाने मान डोलावतात, आणि वाचणाऱ्या मुलाच्या डोक्यात त्या धड्याने पाऊलही टाकलेले नसते.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीचे आकडे आपण वर्तमानपत्रांत पाहिलेच असतील. भारताच्या ग्रामीण भागात पाचवीतील मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली शंभरात सुमारे ५० होती. करोनाच्या टाळेबंदीनंतर २०२२ साली ती ४३ वर आली, आणि २०२४ साली पुन्हा ४९ च्या घरात गेली. ह्यावर पुष्कळ हळहळ व्यक्त झाली आणि ती योग्यच होती. परंतु ही परीक्षा आहे मोठ्याने वाचण्याची. उरलेल्या अर्ध्यांना वाचता येत नाही ह्याचे आपण दुःख करतो. ज्या अर्ध्यांना येते, त्यांना त्यातले कळले किती, हा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या 'निपुण भारत' योजनेच्या नावातच समजून वाचण्याचा उल्लेख आहे, ही समाधानाची गोष्ट. नावातील ही गोष्ट वर्गात कशी उतरावी, एवढेच राहिले.

समजले की नाही हे ओळखायचे कसे? पुष्कळ शिक्षक धडा संपताच विचारतात, "समजले का?" आणि वर्ग एकमुखाने "हो" म्हणतो. ह्या "हो" ची किंमत शून्य आहे, हे विचारणाराही जाणतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात एक प्रसंग आहे. कुशी राणीचा एक मोठा अंमलदार रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ मोठ्याने वाचीत चालला आहे. फिलिप रथाजवळ धावत जातो आणि वाचतोस ते तुला उमगते काय, असे विचारतो. तो खजिनदार, इतक्या मोठ्या हुद्द्याचा मनुष्य, सरळ सांगतो की कोणी वाट दाखविल्यावाचून कसे उमगणार. आमच्या मते तो अंमलदार आजवरच्या उत्तम विद्यार्थ्यांपैकी एक होय. पण असे विद्यार्थी विरळा. बाकीच्यांसाठी "समजले का?" हा प्रश्न टाकून देऊन "पुस्तक मीट आणि सांग पाहू" ही आज्ञा धरणे अवश्य आहे. खोटे "हो" म्हणता येते. खोटी गोष्ट सांगता येत नाही. ती तिसऱ्या वाक्यालाच अडखळते.

कोणी म्हणेल, ही परदेशातून आलेली नवी पद्धत दिसते. तसे मुळीच नाही. अमरावतीहून फार दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील रिद्धपूर ह्या गावी, जेथे आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ सिद्ध झाला, तो ऐकलेले पुन्हा सांगण्यातूनच. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांची शिष्यमंडळी गोविंदप्रभूंच्या सेवेत रिद्धपुरास जमली. त्यांच्यात म्हाइंभट नावाचे एक पंडित होते. त्यांनी मनावर घेतले की स्वामी कोठे बसले, कोणाशी काय बोलले, ते सारे नष्ट होण्यापूर्वी गोळा करावयाचे. मग ज्याने जे पाहिले, ज्याने जे ऐकले, त्याला गाठावयाचे आणि त्याच्याकडून ते वदवून घ्यावयाचे. हेच 'लीळाचरित्र'. संस्कृतात सहज लिहू शकणाऱ्या ह्या पंडिताने ज्या भाषेत लोकांनी सांगितले त्याच भाषेत लिहिले, हे आम्हांस विशेष वाटते.

परंपरा असे सांगते की मूळ पोथी पुढे धाडीत गेली. तेव्हा शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली, आणि त्यात हिराइसा नावाच्या स्त्रीच्या पाठाला मोठा मान आहे. एकाचे सांगणे दुसऱ्याशी जुळले नाही म्हणजे त्यांनी एकाला खोटे ठरवून दुसरे ठेवले असे नाही. दोन्ही नोंदवून ठेवले. अशा पाठभेदाला ते 'वासना' म्हणत. वर्गात दोन मुलांनी एकच धडा दोन तऱ्हांनी सांगितला, तर आमच्या शिक्षकांनी घाईघाईने एकाला खाली बसवू नये, एवढे शिकण्यासाठी रिद्धपूर पुरेसे आहे.

आणि सारांश काढण्याची विद्याही तेथेच आहे. केसोबासांनी स्वामींचे दृष्टान्त एकत्र करून 'दृष्टान्तपाठ' रचला. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. आधी सूत्र, म्हणजे स्वामींचे एक आटोपशीर वचन. मग दृष्टान्त, म्हणजे गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीतले काय कशाला लागू पडते त्याचा उलगडा. सार, कथा आणि अर्थ ह्या तीन वस्तू निरनिराळ्या आहेत, हे सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या माणसाला ठाऊक होते. आज दहावीच्या मुलाला सार विचारावे तर तो गोष्ट सांगतो, आणि गोष्ट विचारावी तर तात्पर्य सांगून मोकळा होतो.

अलीकडच्या काळात हीच रीत गाडगेबाबांनी चालविली. बाबांचा जन्म १८७६ साली आपल्या अमरावती जिल्ह्यातला, आणि बालपण गेले अकोल्याकडे मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्यास मामाच्या घरी. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पण कीर्तनाला उभे राहिले म्हणजे ते लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढीत. हजारो माणसे एका स्वरात उत्तर देत, बाबा ते उत्तर घेऊन पुढचा प्रश्न करीत. ऐकणारा गप्प बसला तर ऐकलेले अंगी लागत नाही, हे त्यांना कोणत्याही ट्रेनिंग कॉलेजाने शिकविले नव्हते.

आता आपल्या घरची गोष्ट. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकले आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ पुष्कळांना बायबलचे भाषांतर वाटतो. तो भाषांतर नव्हे. स्टीफन्ससाहेबांनी जुना व नवा करार वाचला, पचविला आणि मराठी ओवीत आपल्या शब्दांनी सांगितला. ग्रंथाची मांडणीही अशी की पाद्रीगुरू कथा सांगत आहेत आणि साष्टीतील नवख्रिस्ती श्रोते मधून मधून त्यांना प्रश्न विचारीत आहेत. परक्या देशातून आलेल्या, १५७९ साली गोव्यात उतरलेल्या इंग्रज गृहस्थाला मराठीत इतके सांगता आले, ह्याचा अर्थ मूळ ग्रंथ तर त्याला कळला होताच, पण ऐकणाराही कळला होता.

स्टीफन्ससाहेब ज्या येशूसंघाचे, त्या संघाने १५९९ साली आपल्या विद्यालयांसाठी शिक्षणाची एक नियमावली ठरविली. तीत रोजच्या पाठाची रोज उजळणी आणि शनिवारी आठवड्याच्या पाठांची उजळणी सांगितली आहे. सेमिनरीत आम्ही ह्याच वळणावर वाढलो. तत्त्वज्ञानाचा तास झाला की सायंकाळी फिरावयास जाताना दोघा-दोघांनी तो तास एकमेकांस सांगावयाचा. लॅटिन ग्रंथातले वाक्य पाठ असणारा पहिल्या वळणाशीच थांबे. अर्थ धरलेला फाटकापर्यंत बोलत येई.

ह्या रीतीला आता प्रयोगाचाही आधार मिळाला आहे. २००६ साली रोडिगर व कार्पिक ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवेल तितके लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. एक आठवड्याने घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री तेच पान दहा वेळा डोळ्यांखालून घालणाऱ्या मुलांच्या आईबापांनी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

आता प्रत्यक्ष वर्गात काय घडते ते पाहू. लूकच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोनीची कथा घ्या. ती आमच्या वर्गातील एका मुलाने अशी सांगितली: "एक मानूस वाटेनं जाऊन रायला होता. चोरट्याइनं त्याले मारलं, कपडे बी नेले. मंग एक पुजारी आला, थो पाहून बाजूनं निंघून गेला. दुसरा आला, थो बी गेला. मंग परक्या गावचा एक आला, त्यानं त्याले तेल लावलं, फडकं बांधलं, आपल्या गाढवावर बसवलं अन् धरमशाळेत नेलं. तिथल्या मानसाले पैसे देल्ले अन् म्हने, अजून लागले तं वापस येतो तवा देतो."

पहा, ह्यात काय गळले आहे? स्थळांची नावे गळली. 'लेवी' हा शब्द गळला. आणि काय राहिले आहे? परत येऊन उरलेले पैसे देण्याचा वायदा राहिला आहे. ही कथा सांगताना मोठी माणसे बहुधा तेवढेच विसरतात. ज्या घरी दवाखान्याचे बिल अर्धे आज आणि अर्धे कापूस विकल्यावर देण्याची वहिवाट आहे, तेथल्या मुलाच्या मनात तो वायदा बसला, ह्यात नवल काय! ह्या एका सांगण्यावरून आम्हांस त्या मुलाविषयी जितके कळले तितके त्याच्या वर्षभराच्या उत्तरपत्रिकांवरून कळले नसते.

येथे काही शिक्षकांचा हात चटकन वर होतो. "त्याले नाही, त्याला म्हण. थो नाही, तो म्हण." आमची त्यांना हात जोडून विनंती आहे की ह्या वेळी तेवढे करू नका. गोष्ट सांगताना मुलगा चालण्याच्या भरात असतो. त्या क्षणी त्याच्या पायातील काटा काढावयास बसलात तर तो पुन्हा उठतच नाही. वऱ्हाडी ही अशुद्ध मराठी आहे हा समज आता टाकून दिला पाहिजे. उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग' कादंबरीत तिला बोलते केले, अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ ह्यांनी तिच्यात काव्य लिहिले. म्हाइंभटांना जी चालली असती ती बोली आपल्या पाचवीच्या वर्गाला चालू नये, हे आमच्या बुद्धीस पटत नाही. पहिल्यांदा मुलाने आपल्या बोलीत सांगावे. दुसऱ्यांदा, गोष्ट मनात पक्की बसल्यावर, पुस्तकी भाषेत सांगावे. लिहिणे त्यानंतर. पुस्तकी मराठी त्याला आलीच पाहिजे, ह्यात आमची तडजोड नाही. नोकरीच्या अर्जावर आणि न्यायालयाच्या कागदावर तीच असते. आमचे म्हणणे क्रमापुरते आहे.

मेळघाटातील लेकरांचा प्रश्न ह्याहून बिकट. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतील कोरकू मूल शाळेत येते ते मराठीची एखादी बोली घेऊन नव्हे. कोरकू ही मुंडारी-संथाळीच्या कुळातील भाषा. मराठीशी तिचे नातेगोते नाही. हे मूल दोन वर्षांत देवनागरी वाचू लागते आणि आपण खूष होतो. त्याला गोष्ट मराठीत सांगावयास लावले तर ते मान खाली घालते, आणि आपण त्याला मंद म्हणतो. अशा वर्गात मराठी पाठ वाचून झाल्यावर तो कोरकूत सांगू द्यावा. शिक्षकाला कोरकू येत नसेल तर वरच्या वर्गातील मुलाने शेजारी बसून तो पुन्हा मराठीत सांगावा. ह्यात एकाऐवजी दोन मुलांची परीक्षा होते आणि मास्तरांच्या कानावर चार कोरकू शब्दही पडतात. त्यांनीही कोणाचे वाईट होत नाही.

सांगताना मुलगा मूळ कथेत बदल करतो, अशी तक्रार येते. करतोच. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट ह्यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना देऊन ती पुन्हा पुन्हा आठवावयास लावल्याची हकीकत आहे. तेथील खास होड्यांच्या साध्या होड्या झाल्या, जे चमत्कारिक वाटले ते गळून पडले, आणि कथा हळूहळू इंग्रजी घाटाची झाली. आमच्या मुलांच्या तोंडी यरीहोची वाट परतवाडा-चिखलदऱ्याच्या घाटासारखी वळणे घेते आणि उतारशाळेची धर्मशाळा होते. हा नुसता अंगरखा बदलला. त्याला भिऊ नये. पण मुलगा म्हणाला की पुजाऱ्यानेच मदत केली, तर मात्र हाडच मोडले. तेव्हा "चूक" असे न ओरडता पुस्तक त्याच्या हाती द्यावे आणि ती जागा पुन्हा वाचावयास सांगावी. पुस्तकाकडे परत जाण्याचे कारण त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सापडते.

सारांशाविषयी आता थोडे बोलतो. दहावीच्या मराठीच्या परीक्षेत पत्रलेखनाला पर्याय म्हणून सारांशलेखन आलेले आहे: न वाचलेल्या उताऱ्याचा एक तृतीयांश इतका सारांश आपल्या शब्दांत लिहावा. 'आपल्या शब्दांत' हे शब्द प्रश्नपत्रिकेत असतात. विद्यार्थ्याच्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. तो दर तीन वाक्यांतील दोन खोडतो आणि उरलेले उतरून काढतो. ब्राउन व डे ह्या विदुषींनी १९८३ साली अमेरिकेत ह्याच गोष्टीचा अभ्यास केला, तेव्हा लहान विद्यार्थ्यांना बिनमहत्त्वाचे गाळता येते असे आढळले. परंतु जे मुख्य वाक्य उताऱ्यात कोठेच लिहिलेले नाही ते स्वतः तयार करणे मोठ्यांनाही जड गेले. म्हणजे वगळणे सोपे, घडविणे कठीण. बाजारातील गाईडे ह्यात भरच घालतात. त्यांत सारांश आयता दिलेला असतो आणि मुलगा तो पाठ करतो. दुसऱ्याने चावलेला घास तो. त्याने पोट कसे भरावे?

मुलांना सारांश समजावून सांगताना आम्ही जिनिंगचा दाखला देतो, कारण अकोल्याकडच्या लेकराला जिन काय ते सांगावे लागत नाही. धडा सांगणे म्हणजे वावरात कापूस वेचणे. बोंडात आहे ते सगळे ओटीत घ्यावयाचे. सारांश म्हणजे तोच कापूस जिनात घालणे. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. योगायोग असा की एका क्विंटल कापसातून रुई निघते ती साधारण ३३ ते ३५ किलो, आणि परीक्षा मंडळ मागते तेही एक तृतीयांशच! सरकी वाया जात नाही. तिचे तेल निघते, ढेप गुरांना घालतात. तसाच धड्यातील तपशीलही टाकाऊ नसतो. पण रुईच्या गाठीत सरकी राहिली तर व्यापारी भाव पाडतो. आणि न वेचलेला कापूस जिनात घालता येत नाही, हे तर शेंबड्या पोरालाही कळते. म्हणून सांगण्याआधी सारांश मागू नये.

त्याच शोमरोनीच्या कथेचा सारांश वर्गाने पहिल्याने असा केला: एका जखमी माणसाला शोमरोनीने मदत केली. वाक्य खरे आहे, पण त्यात रुई नाही. कथा सांगितली गेली ती एका शास्त्र्याच्या प्रश्नावर. आपला शेजारी कोण, असे त्याने विचारले होते. तो प्रश्न सारांशात आला नाही तर कथा हवेत राहते. आणखी एक पहा. त्या शास्त्र्याला प्रभूने आधी काय विचारले? नियमशास्त्रात काय आहे आणि तू ते कसे वाचतोस, असे. शास्त्र्याने सगळ्या नियमशास्त्राचे सार दोन आज्ञांत सांगितले, आणि प्रभूने ते बरोबर ठरविले. मग कथा झाली, आणि ह्या तिघांतला शेजारी कोण, हे प्रभूने त्याच्याच तोंडून काढले. तो म्हणाला, दया करणारा. 'शोमरोनी' हा शब्द त्याच्या जिभेवर आला नाही! सांगणारा काय गाळतो हे ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवावे ते ह्यासाठी.

शिक्षक म्हणतील, वर्गात साठ मुले. प्रत्येकाचे ऐकत बसलो तर पोर्शन कधी संपणार? प्रत्येकाचे ऐकावयाचे नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगावे, पाच मिनिटे. एकाने अर्धा धडा, दुसऱ्याने अर्धा. शिक्षकाने बाकांमधून फिरावे आणि रोज तीन मुलांचे पुरते ऐकावे. महिन्यात वर्ग फिरून होतो. गोंगाट होईल. तो होऊ द्यावा. मुख्याध्यापकांशी आम्ही बोलतो.

खरी शाळा मात्र घरी आहे, आणि येथे आम्ही पालकांपैकी माताभगिनींकडे वळतो. आपल्यापैकी काही जणी म्हणतात, "फादर, आमाले काय येते? आमी शिकलो नाही." बाई, तुम्हीच उत्तम परीक्षक आहात! शिक्षकाला धडा ठाऊक आहे हे मुलाला ठाऊक असते. म्हणून तो अर्धे सांगतो आणि अर्धे मास्तर समजून घेतात. ज्या आजीला वाचता येत नाही तिला धडा मुळीच ठाऊक नाही. तिला सगळे सांगावे लागते, ओळीने सांगावे लागते, आणि ती मध्येच विचारते, "मंग त्या गाढवाचं काय झालं?" असा प्रश्न काढणारा पेपरसेटर पुणे बोर्डालाही मिळावयाचा नाही. चुलीपुढे भाकरी थापता थापता ही परीक्षा घेता येते. मोबाइलवर चित्रे पाहत बसलेल्या मुलालाही विचारावे, काय पाहिलेस ते सांग. दोन वाक्यांपलीकडे गेला नाही तर काय समजावयाचे ते आपण समजावे.

हे लवकर सुरू केले पाहिजे. चौथीपर्यंतचे धडे बहुतेक गोष्टीचे असतात, तेथे आवाजावर निभावते. सहावी-सातवीत भूगोल, विज्ञान, नागरिकशास्त्र येते. तेथे गोष्ट नसते, आणि आवाजावर आलेले मूल तेथे मुकाट्याने मागे पडू लागते. नववीत ते शाळा सोडते. घरचे म्हणतात, त्याचे डोके चालत नव्हते. त्याचे डोके चालत होते. त्याला कोणी कधी "सांग पाहू" म्हटले नव्हते.

तेव्हा पुढील रविवारपासून आम्ही असे योजिले आहे. सकाळच्या मिस्सेनंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिली पंधरा मिनिटे पुस्तके मिटलेली राहतील. त्या दिवशीचे शुभवर्तमान एका मुलाने वा मुलीने, जी बोली येत असेल तीत सांगावयाचे. दुसऱ्याने राहिलेले भरावयाचे. आणि मोठ्या मुलांपैकी एकाने दोन वाक्यांत त्याचे सार सांगावयाचे. पालकांना मागच्या बाकांवर बसण्याची मोकळीक आहे, मध्येच सुधारण्याची नाही. गुण द्यावयाचे नाहीत. सबब शिक्षकांनी वह्या आणू नयेत. पहिल्या रविवारी मात्र आम्ही लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची कथा घेणार आहोत. ज्यांच्या घरी आजी आहे, त्या मुलांनी ती शनिवारी संध्याकाळी वाचावी, तिला सांगून यावे, आणि आजीने काय विचारले तेही येताना लक्षात ठेवून यावे.